शरीरचर्चा : कोलकात्याचे आखाडे आणि आमचे बाबा

आजच्या भागाची सुरुवात एका शब्दापासून करतो. शब्द ओळखीचा आहे, पण फसवा आहे. शरीरचर्चा.

आपण मराठी माणसं हा शब्द ऐकून काय समजू? चार लोक बसलेत, चहा आहे, आणि कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाचं प्रेशर यावर चर्चा चालली आहे. बंगालीत मात्र ‘चर्चा’ म्हणजे सराव, साधना. संगीतचर्चा म्हणजे गाण्याचा रियाज आणि शरीरचर्चा म्हणजे व्यायाम. आम्ही कोलकात्यात राहायचो तेव्हा शेजारच्यांनी एकदा बाबांना विचारलं, “दादा, शरीरचर्चा करता का?” बाबा म्हणाले, “रोज करतो, संध्याकाळी, तुमच्याबरोबरच तर करतो!” शेजाऱ्यांना वाटलं, हे विनोद करताहेत. पण आमच्या घरात खरोखर दुसरी कुठली शरीरचर्चा नव्हती.

बाबा रेल्वेत होते. नागपूरकडच्या अनेक मराठी कुटुंबांना कोलकाता रेल्वेमुळेच ठाऊक झालं. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, तिच्या नावातच ही दोन टोकं बांधलेली होती. पुढे तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचलाच राहिलं. बाबा १९९३ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि आम्ही तिथेच राहिलो. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, शाल मिळाली आणि प्रत्येकाने एकच आशीर्वाद दिला, “आता आराम करा.” बाबांनी तो आशीर्वाद फारच मनावर घेतला.

हे सगळं आज का सांगतोय? कारण कोलकाता हे व्यायामाचं मोठं शहर आहे. त्या शहराचा व्यायामाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. या इतिहासात म्हातारा माणूस जवळजवळ नाहीच. का नाही, आणि तो पुढे कसा आला, हा आजचा विषय.

आधी थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बंगाली माणसावर एक शिक्का मारला होता, दुबळा, नाजूक, लढाईच्या कामाचा नाही. मेकॉलेने १८४०-४१ च्या सुमारास क्लाइव्ह आणि वॉरन हेस्टिंग्जवर निबंध लिहिले, त्यात बंगाली माणसाच्या शरीराची आणि हिमतीची यथेच्छ निंदा आहे. हे निबंध पुढे इंग्रजी शिकणाऱ्या बंगाली मुलांनीच वाचले. आपली निंदा आपल्याच हातात पुस्तक म्हणून यावी, यापेक्षा झोंबणारं काय असणार?

त्याला उत्तर म्हणून कोलकात्यात आखाडे आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. १८६७ मध्ये नबगोपाल मित्र यांनी हिंदू मेळा सुरू केला, त्यात देशी वस्तूंबरोबर कुस्ती आणि कसरतीलाही मान होता. सुखवस्तू घरांतही हे वारं पोचलं. रवींद्रनाथ टागोरांनी ‘जीवनस्मृती’त लिहून ठेवलंय की लहानपणी त्यांना पहाटे उठून एका काण्या पैलवानाकडे कुस्ती शिकावी लागे. उत्तर कोलकात्यात अंबू गुहांचा आखाडा होता. त्यांचा नातू गोबर गुहा पुढे अमेरिकेत गेला आणि १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अॅड सँटेलला हरवून लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला.

आता इथे आपला, म्हणजे मराठी माणसाचा संबंध येतो. सखाराम गणेश देऊसकर हे नाव महाराष्ट्रात फारसं घेतलं जात नाही, बंगालमध्ये घेतलं जातं. १८६९ साली देवघरजवळच्या करौं गावी एका मराठी घरात जन्मलेला हा माणूस बंगालीत लिहायचा. त्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये आलं आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केलं. शिवाजी उत्सव बंगालमध्ये रुजवण्यात देऊसकरांचा मोठा वाटा. १९०६ च्या जूनमध्ये खुद्द लोकमान्य टिळक त्या उत्सवासाठी कोलकात्याला आले होते. त्याच काळात रवींद्रनाथांची भाची सरलादेवी चौधुराणी तरुणांना लाठी आणि तलवारीचं शिक्षण मिळावं म्हणून धडपडत होती. प्रतापादित्य उत्सव, वीराष्टमी ही तिचीच कल्पना. १९०२ मध्ये अनुशीलन समिती निघाली, तीही वरकरणी व्यायामाचीच संस्था होती.

म्हणजे चित्र असं की व्यायाम हे देशकार्य होतं. दंड कमवायचे ते लढण्यासाठी. आणि लढायला कोण जाणार? विशीतला मुलगा. त्यामुळे आखाड्यात येणारा जो तो तरुण. वय झालेला पैलवान उस्ताद होऊन कडेला बसायचा, चुका दाखवायचा, मालिश कशी करावी ते सांगायचा. सामान्य म्हातारा तर आखाड्याच्या दारातही यायचा नाही. आणि म्हातारी? तिचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. ज्या सरलादेवींनी हे सगळं पेटवलं, त्या स्वतः बाई होत्या, पण त्यांच्या आखाड्यात मुलगेच घाम गाळत होते.

देश स्वतंत्र झाला आणि व्यायामाचं ते कारणच संपलं. आजही तुम्ही दुर्गापूजेत उत्तर कोलकात्यात फिरलात तर ‘सिमला व्यायाम समिती’चा मंडप दिसेल. क्रांतिकारक अतींद्रनाथ बसू यांनी ही समिती उभी केली आणि तिची सार्वजनिक पूजा १९२६ पासूनची. नावात व्यायाम आहे, पण लोक ओळखतात ते पूजेमुळे. मला यात कोलकात्याचीच नाही, आपल्या सगळ्यांची गंमत दिसते. आपल्या गावातल्या कितीतरी तालमी आज फक्त गणपतीतल्या मिरवणुकीपुरत्या जाग्या होतात ना?

आता आमच्या घरात परत येतो. २००६ च्या हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. वय एकाहत्तर. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार होता. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग जे केलं, ते आज आठवलं की मला स्वतःचाच राग येतो. आम्ही बाबांना बसवून ठेवलं. “बाबा, उठू नका, पाणी मी आणतो.” “बाबा, बाजारात नका जाऊ.” “बाबा, वर्तमानपत्र खुर्चीत देतो.” सगळं प्रेमाने. आठ महिन्यांनी परिस्थिती अशी की दोन्ही हातांनी टेकू दिल्याशिवाय बाबांना खुर्चीतून उठता येईना. पडल्यामुळे त्यांचं जेवढं नुकसान झालं नव्हतं, तेवढं आमच्या काळजीने झालं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. स्नायू वापरला नाही की शरीर त्याच्यावर खर्च करणं थांबवतं. उतारवयात हे फार लवकर होतं, आणि सगळ्यात आधी जातात ते मांड्यांचे स्नायू, ज्यांच्या जोरावर आपण उठतो आणि तोल सावरतो. ते गेले की पडण्याची भीती वाढते. भीती वाढली की माणूस आणखी बसतो. बसला की स्नायू आणखी जातात. हे चक्र बाहेरून कुणाला दिसत नाही. बाहेरून दिसतं ते एवढंच, “आता वय झालं.” बंगालीतही हेच वाक्य आहे, “बोयोश होयेछे.” भाषा दोन, हार एकच.

या चक्राला उत्तर देणारा माणूस त्याच शहरात, आमच्यापासून काही मैलांवर राहत होता. मनोहर आईच. आडनावच आईच बरं का, आपल्या आईशी संबंध नाही. १९१२ साली आताच्या बांगलादेशातल्या कुमिल्ला जिल्ह्यात जन्म. उंची चार फूट अकरा इंच. १९४२ मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये शारीरिक शिक्षक म्हणून लागले. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अपमानकारक बोलण्यावर त्याला थोबाडीत मारली आणि तुरुंगात गेले. तुरुंगात वेळच वेळ होता, तिथे त्यांनी तासन् तास व्यायाम केला. सुटल्यावर कामधंदा नाही, सियालदा स्टेशनवर शहाळी विकली. १९५१ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत दुसरे आले. हार न मानता तिथेच राहिले, रेल्वेत नोकरी केली, सराव केला आणि १९५२ मध्ये आपल्या गटात जिंकले. त्यांच्या आदल्याच वर्षी मनतोष रॉय या दुसऱ्या बंगाली पठ्ठ्याने त्याच स्पर्धेत आपला गट जिंकला होता. मनतोष हे विष्णुचरण घोष यांचे शिष्य, परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ ते हेच. १९२३ मध्ये त्यांनी कोलकात्यात व्यायामाचं कॉलेज काढलं होतं.

जिंकला तेव्हा आईच चाळिशीत होता, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. पण मला त्याच्या आयुष्याचा जो भाग महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा आहे. पदक जिंकून माणूस बहुधा फोटोत जातो. हा माणूस साठीत, सत्तरीत, ऐंशीत, नव्वदीत व्यायाम करत राहिला. बागुईआटीला त्यांची व्यायामशाळा होती, घरचेच लोक ती चालवत. शंभरीच्या उंबरठ्यावर सौम्य पक्षाघात झाला, वजनं उचलणं सुटलं, तरी व्यायामशाळेत जाऊन बसणं, पोरांना शिकवणं सुटलं नाही. आयुष्यभर खाणं साधं, भात, डाळ, मासे, भाजी, फळं, दूध. डोक्याला ताप करून घ्यायचा नाही, हे त्यांचं दुसरं पथ्य. २०१६ च्या जूनमध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी ते गेले.

आता तुमच्यातले चिकित्सक लोक म्हणतील, एक माणूस शंभर वर्षं जगला म्हणून काय सिद्ध झालं? अगदी बरोबर. विडी ओढूनही कुणी नव्वद वर्षं जगतो. म्हणून एका माणसावर विसंबू नका, अभ्यास काय सांगतात ते बघू.

१९५३ मध्ये लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने एक साधा प्रश्न विचारला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. दोघं एकाच बसमध्ये, एकाच हवेत. मग हृदयविकार कुणाला जास्त? उत्तर निघालं, ड्रायव्हरला. कोलकात्याच्या दुमजली बस ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर तो घामाघूम कंडक्टर लगेच उभा राहील. आणि हे मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षांचे होऊन गेले, व्यायाम करत करत.

दुसरा अभ्यास १९९० चा, बोस्टनचा. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली, वयं ८६ ते ९६. अशक्त, बरेच आजार असलेली. त्यांच्या पायांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, अर्थात देखरेखीखाली. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! म्हणजे स्नायू म्हातारा झाला तरी शिकायचं विसरत नाही. आणि व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेली ताकद ओसरू लागली, हेही तिथेच दिसलं. नेम का पाळायचा याचं याहून सरळ कारण मला माहीत नाही.

हा नेम आपल्याकडे कुणी सांगितलाच नव्हता, असंही नाही. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. १८६८ चा जन्म. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि त्यांचा नेम चालूच होता. राणीसाहेबही नमस्कार घालत. राजाने प्रजेला सांगितलं ते आधी स्वतः केलं, शिवाय घरातल्या बाईलाही त्यातून वगळलं नाही. कोलकात्याच्या आखाड्यांत जे राहून गेलं, ते औंधात झालं होतं.

आमच्या बाबांचं काय झालं? त्यांना ना राजाने उठवलं, ना मिस्टर युनिव्हर्सने. शेजारच्या त्याच निवृत्त शिक्षकांनी उठवलं, आम्ही त्यांना मेशोमशाय म्हणायचो. एक दिवस ते घरात आले आणि मला म्हणाले, “तुमी ओनाके बोशिये मारबे.” म्हणजे, तू यांना बसवून मारशील. मी गप्प. मग बाबांकडे वळून म्हणाले, “चला दादा, लेक.”

लेक म्हणजे रवींद्र सरोवर. दक्षिण कोलकात्यात १९२० च्या दशकात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दलदल खोदून केलेला तलाव. १९५८ मध्ये त्याला रवींद्रनाथांचं नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी लेकच. पहाटे साडेपाचला तिथे जा. हिवाळ्यात माकडटोपी आणि मफलर, उन्हाळ्यात पातळ पंजाबी, आणि सगळे चालताहेत. कुणी वडाखाली हात फिरवतोय. एका कोपऱ्यात हास्यक्लब, १९९५ मध्ये मुंबईच्या लोखंडवालातून निघालेली ती कल्पना इथवर पोचली आहे. फेरी संपली की बाकावर चहा, आणि मग अस्सल अड्डा. राजकारण, फुटबॉल, इलिश माशाचा भाव. मला तेव्हा कळलं, ही माणसं रोज येतात ती हृदयासाठी नाही, अड्ड्यासाठी. हृदयाचा फायदा वरकड. आपण न आलो तर चार जण विचारतील, ही गोष्ट कुठल्याही गोळीपेक्षा जास्त लोकांना अंथरुणातून उठवते.

पहिल्या दिवशी बाबा पन्नास पावलं चालले. मेशोमशाय म्हणत होते, “आस्ते, दादा, आस्ते.” पन्नासाची शंभर झाली. डॉक्टरांनी तपासून काही व्यायाम सांगितले होते. त्यातला मुख्य म्हणजे खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. आधी हाताने टेकू देऊन, मग एका हाताने, मग हात छातीवर ठेवून. चार महिन्यांनी बाबा हात न लावता उठले तेव्हा आई स्वयंपाकघरातून बघत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडीवर बूट घालून दारात उभी! “लोक काय म्हणतील” म्हणणारी तीच होती, आणि तिचं तीच म्हणाली, “लोक झोपलेत.”

ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्या लोकांसाठी म्हटलं आहे, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आणि तीन दिवस तोल सावरण्याचा सराव. आपल्याकडे लोक चालतात, पण उरलेले दोन विसरतात. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, टाच-बोटं जोडून सरळ रेषेत चालणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. हृदयविकार, प्रेशर, सांध्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. आणि जेवढं होत नाही तेवढंही करून बघा, थोडं म्हणजे शून्य नव्हे.

पण मुलामुलींनो, आजची खरी विनंती तुम्हाला आहे. तुम्ही पुण्यात असाल, बेळगावात, इंदुरात, हैदराबादेत, कोलकात्यात. आईबाबांना “आराम करा” म्हणणं बंद करा. पाण्याचा पेला हातात देऊ नका, उठू द्या. बाजारात जाऊ द्या, हवं तर बरोबर जा. आणि त्यांच्यासाठी यंत्र विकत घेण्याआधी एक मेशोमशाय शोधा, रोज दार वाजवणारा.

२०१२ मध्ये मनोहर आईच यांची शंभरी झाली तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता. बाबा तेव्हा सत्त्याहत्तरचे. फोटो बघून म्हणाले, “हा माझ्या खांद्याला लागेल एवढाच आहे रे.” मग पेपर घडी करून ठेवला आणि खुर्चीतून उठले. हात न लावता. माझ्याकडे तिरपं बघत होते, मी पाहिलं का म्हणून.

२०२१ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी बाबा गेले. शंभरी नाही गाठली, पदकही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत न्हाणीघरात मात्र स्वतःच्या पायांनी गेले. एकेकाळी या शहराने देशासाठी शरीर कमवा म्हणून सांगितलं. आमच्या घराने उशिरा शिकलेली गोष्ट एवढीच, की स्वतःच्या घरात स्वतःच्या पायांवर फिरता येणं हेही एक स्वातंत्र्यच आहे, आणि ते रोज थोडं थोडं कमवावं लागतं.

चर्चा पुष्कळ झाली. आता बंगाली अर्थाने करा. उद्या पहाटे. नमस्कार.